लेकरू मैदानावर टिकते कशाने?

पावसाची उघडीप मिळाली की आपल्या जिल्ह्यात शाळांच्या सामन्यांची गडबड उडते. आधी तालुक्याचे सामने, मग जिल्ह्याचे, तिथे जिंकले तर अमरावती विभागाचे, आणि त्याच्याही पुढे राज्याचे. वणीला जा, पुसदला जा, दारव्हा, उमरखेड, घाटंजी, राळेगाव, कुठेही जा, चित्र एकच. ऑटोत दाटीवाटीने बसलेली पोरे, काळ्या मातीने माखलेले पाय, आणि मैदानाच्या कडेला घसा बसेपर्यंत ओरडणारे गुरुजी.

आपल्याकडे कबड्डी आणि खो-खो हे दोन खेळ घराघरात माहीत आहेत. यांना सांघिक खेळ म्हणतात. म्हणजे एकट्याने खेळायचे नव्हेत, सगळ्यांनी मिळून खेळायचे. शाळांच्या सामन्यांत वयाचे तीन गट असतात. एक चौदा वर्षांखालील, दुसरा सतरा वर्षांखालील, तिसरा एकोणीस वर्षांखालील. चौदाच्या गटाला मैदानाभोवती उभे राहायला जागा नसते. सतराच्या गटात गर्दी पातळ होते. एकोणीसच्या गटात तर कित्येक गावांना सात पोरे जमवताना नाकी नऊ येतात. मुलींचा संघ असलाच तर तो बहुधा तालुक्याच्या गावचा.

मग ती लहानपणची पोरे गेली कुठे? काही कामाला लागली, काही शिकायला बाहेरगावी गेली, हे खरे. पण पुष्कळशी गावातच असतात. पारावर बसलेली दिसतात. विचारले तर सांगतात, "आता मजा नाही राहिली, गुरुजी."

आम्ही शाळेत पस्तीसहून जास्त वर्षे काढली. हे उत्तर इतक्या वेळा ऐकले की त्याचा विचार करणे भाग पडले. पोराला खेळ आवडत नव्हता असे नाही. आवडत होता. मोठ्या माणसांनी ती आवड जपली नाही. सहा वर्षांच्या लेकराला जे बोलायचे तेच सोळा वर्षांच्या पोराला बोलले, आणि सोळाच्या पोराकडून जे मागायचे ते सहाच्या लेकराकडून मागितले. पऱ्हाटीला पाणी केव्हा द्यायचे, डवरणी केव्हा करायची, हे आपण शेतकरी बरोबर जाणतो. पोराच्या बाबतीत मात्र पेरणीलाच कापूस मागतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. खेळाची ओढ दोन तऱ्हेची असते. एक आतली, एक बाहेरची. खेळताना बरे वाटते, सवंगडी भेटतात, काल जमले नाही ते आज जमले म्हणून छाती फुगते, ही आतली ओढ. कप मिळेल, पैसे मिळतील, बाप शाबासकी देईल, गुरुजी मारणार नाहीत, ही बाहेरची ओढ. बाहेरची ओढ वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण ती आतल्या ओढीला खाऊन टाकू शकते.

याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचा वृत्तांत १९७३ साली छापून आला. बालवाडीतल्या ज्या लेकरांना चित्रे काढायला मनापासून आवडत असे, अशी लेकरे निवडली. काहींना आधीच सांगितले, "चित्र काढाल तर सोनेरी चांदणी लावलेले प्रमाणपत्र मिळेल." काहींना आधी काही सांगितले नाही, पण चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र हातात दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तर ज्यांना आधी लालूच दाखवली होती ती लेकरे मोकळ्या वेळात चित्रांना बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ देत होती. ज्यांना अचानक मिळाले त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

म्हणून खेळ संपल्यावर पोरांना पेरू वाटायचे असतील तर खुशाल वाटा. पण "जिंकाल तर पेरू" असे आधी म्हणू नका.

आता वय घेऊ. सहा ते नऊ-दहा वर्षांची लेकरे म्हणजे पहिली ते चौथीची. यांना हारजीत कळते, पण ती घटकाभराची. हारल्यावर रडतात आणि डोळे पुसता पुसता विचारतात, "पुन्हा डाव मांडू का?" या वयात त्यांची एक समजूत असते. जो जास्त धडपडतो तो जास्त हुशार, असे त्यांना वाटते. मेहनत वेगळी आणि अंगचे कसब वेगळे, हा भेद दहा-अकरा वर्षांपर्यंत त्यांच्या मनात नीट पडलेला नसतो. लंगडी घालताना चार वेळा पडलेले लेकरू सांगते, "मी लय खेळलो." त्याला हसू नका. त्याच्या दृष्टीने ते खरेच असते, आणि त्या समजुतीच्या बळावरच ते उद्या पुन्हा येते.

या वयाला दोन गोष्टी मारक. पहिली म्हणजे रांगेत उभे करणे. वीस लेकरे आणि एक चेंडू, असा सराव आम्ही कितीतरी शाळांत पाहिला. दर लेकराच्या वाट्याला दोन मिनिटे खेळ आणि अर्धा तास ऊन. दुसरी म्हणजे 'बाद'. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो, आणि आपल्या संघाने गुण घेतला की क्रमाने जिवंत होऊन आत येतो. मोठ्यांना हे ठीक. पण लहानांत काय होते? जे दुबळे तेच आधी बाद होते आणि तेच सर्वात जास्त वेळ बाहेर बसते. ज्याला खेळायची सर्वात जास्त गरज, त्याच्याच वाट्याला सर्वात कमी खेळ येतो. म्हणून लहानांसाठी नियम वाकवावा. बाद झालेल्याने मैदानाला एक फेरी मारावी किंवा पाच उड्या माराव्यात, आणि पुन्हा आत यावे. नियमाचे पुस्तक आकाशातून पडलेले नाही. ते माणसांनीच केले आहे.

या वयाला खो-खो चांगला. आठ जण बसलेले आणि नववा धावणारा, आणि बसलेल्यालाही कोणत्या क्षणी 'खो' मिळेल याचा नेम नाही. त्यामुळे बसलेले लेकरूही सावध असते. आपल्या विदर्भातली आट्यापाट्याही तशीच. त्यात हुलकावणी देणारा लहानखुरा पोर धिप्पाडाला चकवतो. गाद्या नकोत, बूट नकोत, फक्की टाकून पाट्या आखल्या की झाले. आज हा खेळ शाळांतून मागे पडला आहे. आमच्या मते लहानांसाठी त्याच्यासारखा दुसरा नाही.

आणखी एक साधी बाब. सकाळच्या सरावाला लेकरू उपाशी येते. आई पहाटे मजुरीला गेलेली असते, शाळेतली खिचडी दुपारी. अशा लेकराला "दम नाही तुझ्यात" म्हणणे अन्याय आहे. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, किंवा भिजवलेले हरभरे, एवढे मैदानावर ठेवले तर निम्मा आळस पळतो. गावातले चार जण मिळून हे करू शकतात.

दहा ते तेरा या वयात लेकरू बदलते. आता ते शेजाऱ्याकडे पाहू लागते. तो माझ्याहून जोरात पळतो, ती माझ्याहून छान सूर मारते, हे त्याला दिसू लागते. मेहनत निराळी आणि कसब निराळे, हे आता उमगते. त्याबरोबर एक भीतीही येते. जोर लावला आणि तरी हारलो, तर आपण कच्चे आहोत हे चारचौघांत उघडे पडेल! मग पोर जोरच लावत नाही. पाय दुखतो म्हणते. आपल्याला वाटते आळशी आहे. तसे नसते. ते लाज वाचवत असते.

या वयात आपल्या जिभेला फार महत्त्व येते. १९९८ साली अमेरिकेतल्या दोन विदुषींनी, क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी, पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग छापून आले. मुलांना सोपी कोडी दिली. सुटल्यावर काहींना म्हटले, "तू हुशार आहेस." काहींना म्हटले, "तू मेहनत घेतलीस." मग अवघड कोडी दिली, ती कोणालाच धड सुटली नाहीत. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखीच सोपी दिली. 'हुशार' म्हटलेल्या मुलांना आता आधीच्यापेक्षाही कमी सुटली. 'मेहनत घेतलीस' म्हटलेल्यांना आधीपेक्षा जास्त सुटली. इतकेच नव्हे, हुशार म्हटलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आपले गुण दुसऱ्या मुलांना सांगताना वाढवून सांगितले. हुशारीची पाटी गळ्यात घातली की ती सांभाळायला लेकरू खोटेही बोलते!

मैदानावर याचा अर्थ असा. "वाघ आहेस बे तू!" हे ऐकायला गोड लागते, पण त्यातून पोराला काही शिकायला मिळत नाही. त्याऐवजी म्हणावे, "चढाईला गेलास तेव्हा निदान रेषा ओलांडून मागे वळलास, ते बरोबर केलेस. दम मात्र मध्यरेषेच्या आधीच सुटला." काय जमले आणि काय राहिले, दोन्ही त्याला कळते. निदान रेषा म्हणजे चढाई करणाऱ्याने ओलांडलीच पाहिजे ती रेषा. ओलांडता आली नाही आणि कोणाला शिवलेही नाही, तर तो बाद.

आणि शिव्या? आमच्याकडे पुष्कळांचा समज आहे की शिव्या दिल्याशिवाय पोर पेटत नाही. मैदानाबाहेरून बाप ओरडतो, "काऊन बे, डोळे फुटले का तुये? घरी ये, मंग पाह्यतो!" आत पोराचे पाय जड होतात. ते समोरच्या गड्याकडे पाहायचे सोडून बापाकडे पाहते आणि तेवढ्यात पकडले जाते. बाप म्हणतो, "पाहा, सांगत होतो ना!"

अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोघांनी मुलांना खेळ शिकवणाऱ्या माणसांनाच थोडे शिकवले. चांगले दिसले की लगेच सांगा, चूक झाली तर धीर द्या आणि कसे सुधारायचे ते दाखवा, शिक्षा करू नका, एवढाच तो धडा. १९९२ साली त्याचा एक अभ्यास निघाला. धडा घेतलेल्यांच्या हाताखालची मुले पुढच्या वर्षी पाहिली तर शंभरांत पाचांनीच खेळ सोडला होता. धडा न घेतलेल्यांच्या हाताखालची शंभरांत सव्वीस गळली होती. आणि गंमत अशी की हारजीत दोन्हीकडे सारखीच होती. शिव्या न देणारे जास्त हारले असे काही झाले नाही.

याच वयात दुसरी एक फसगत होते, ती जन्मतारखेची. शालेय सामन्यांत वय एक जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच गटात. बारा वर्षांच्या पोराला अकरा महिने म्हणजे थोडे नव्हेत. एक खांद्याने भरलेला, दुसरा काडी. निवडणारे मोठ्याला घेतात, मोठ्याला जास्त सराव मिळतो, तो आणखी पुढे जातो, आणि सगळे म्हणतात याच्या अंगातच खेळ आहे. कॅनडात बर्फावरच्या हॉकीत हे १९८५ साली दाखवून दिले गेले. तिथल्या नामवंत खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा फार होता. (आपल्या जुन्या पिढीत हा अभ्यास करायची सोयच नव्हती. "पोळ्याच्या करीला झाला," "पुराच्या साली झाला," असे आईबाप सांगत आणि दाखल्यावर एक जून नाहीतर एक जुलै पडे. निम्मे गाव एकाच दिवशी जन्मलेले!) म्हणून बारा वर्षांच्या काडीला घरी पाठवू नका. दोन वर्षांनी तो उंच होतो. तोवर मैदानावर टिकलेला हवा, एवढेच.

आता बक्षिसांविषयी. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धांत वयाप्रमाणे मानाचे पुरस्कार आहेत. चौदा वर्षांखालील सर्वोत्तम मुलाला 'भरत' आणि मुलीला 'इला', अठरा वर्षांखालील मुलाला 'वीर अभिमन्यू' आणि मुलीला 'जानकी'. मोठ्यांत पुरुषांना 'एकलव्य', स्त्रियांना 'राणी लक्ष्मीबाई'. नावे सुरेख आहेत आणि वय ओळखून ठेवली आहेत. सिंहाचे दात मोजणारा भरत लहानांना, चक्रव्यूहात शिरणारा अभिमन्यू कुमारांना. राष्ट्रीय पातळीवर हे शोभते. पण गावच्या लहान मुलांच्या सामन्यात एकाच पोराला 'सामनावीर' ठरवून त्याच्या गळ्यात हार घालणे आम्हांला पटत नाही. खो-खोत जो गडी मारतो त्याला खो कोणी दिला? योग्य क्षणी खो देणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. ते घ्यावे. मोठ्याने घ्यावे.

हिवाळ्यात गावोगावी रोख बक्षिसांचे खुले सामने होतात. रात्री दिवे लावून खेळतात, फलक लागतात, प्रथम बक्षीस इतके, द्वितीय इतके. मोठ्यांनी खेळावे, आमची ना नाही. पण चौदा-पंधरा वर्षांचा चपळ पोर दिसला की त्याला मोठ्यांच्या संघात ओढतात. पोरगा एका रात्रीत गावाचा हिरो होतो, हातात नोट पडते, दुसऱ्या दिवशी शाळेच्या सरावाला येत नाही. "तिथं काय भेटते, गुरुजी?" असे विचारतो. आणि भरल्या अंगाच्या गड्यांनी केलेल्या पकडीत गुडघा गेला, तर वर्गणी गोळा करणारे कोणी दवाखान्यात येत नाही. आईबापांनी इथे हात आडवा घालायलाच हवा.

चौदा ते सतरा हे सर्वात नाजूक वय. मुलींची उंची अकरा-बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची तेरा-चौदाव्या. हाडे आधी लांबतात, स्नायू मागून येतात. काल लीलया हुलकावणी देणारा पोर आज स्वतःच्याच पायात अडखळतो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखते. अशा वेळी "पोरगं बिघडलं, लक्ष नाही," असे म्हणू नये. त्याला सांगावे की हे सहा महिने, वर्षभर असे चालते, मग ठीक होते. दुखत असेल तर उड्या कमी कराव्यात, आणि दुखणे हटत नसेल तर डॉक्टरला दाखवावे.

कबड्डीत आणखी एक गोष्ट आहे, वजन. कबड्डी संघटनेच्या स्पर्धांत किशोर गटाला सोळा वर्षे वयाची आणि पंचावन्न किलो वजनाची मर्यादा असते. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे, लहानासमोर भीम उभा राहू नये म्हणून. पण होते काय? पोर सत्तावन्न किलो भरते. मग दोन दिवस उपास, पाणी बंद, उन्हात जाड कपडे घालून पळणे. वजन उतरते, कारण अंगातले पाणी उतरलेले असते. नोव्हेंबर-डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतले कॉलेजचे तीन कुस्तीगीर असेच वजन उतरवताना मरण पावले. ती तर मोठी, कसलेली मुले होती. आपले पोर पंधरा वर्षांचे. जे वय वाढीचे, त्या वयात पाणी तोडून मैदानावर उतरवायचे आणि वर "दम दाखव" म्हणायचे! पोर पंचावन्नच्या वर गेले असेल तर ते वाढले आहे, त्याला वरच्या गटात घाला. एक स्पर्धा हुकली तर हुकली.

मुलींचे तर निराळेच. बारा वर्षांपर्यंत पोरगी खो-खोत वाऱ्यासारखी पळते. तेराव्या-चौदाव्या वर्षी एक दिवस येईनाशी होते. तिची ओढ संपली असे नसते. पाळी सुरू झालेली असते, शाळेत आडोसा नसतो, चड्डी घालून खेळायची लाज वाटते, कडेला उभी टवाळ पोरे काहीबाही बोलतात, आणि घरी आजी म्हणते, "आता पुरे झालं उंडारणं." त्यात दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणीला येतो. शेतात मजूर मिळत नाहीत, धाकटे भावंड सांभाळायला कोणी नसते, मग पहिली सुट्टी कोणाच्या खेळाला? पोरीच्या. अशा पोरीला 'जिद्द ठेव' म्हणून भाषण देणे फुकट आहे. तिला लांब पँट द्या. बाई सोबत असू द्या. सराव शाळेच्या वेळेला लागूनच ठेवा, म्हणजे अंधार पडायच्या आत ती घरी पोचेल. पाळीत ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी कारण न विचारता बसू द्या, आणि खेळावेसे वाटले तर खेळू द्या. त्यात काही अपाय नाही. आशाताई किंवा अंगणवाडीताई यांना महिन्यातून एकदा मैदानावर बोलवा, पोरी त्यांच्याजवळ बोलतात.

आणि आईला बोलवा. बापाला पटवायला आपण सगळेच जातो. आमचा अनुभव असा की आई एकदा सामना पाहायला आली, पोरीने सूर मारून गडी टिपलेला तिने डोळ्यांनी पाहिला, की पुढचे काम तीच करते. एका आईने आम्हांला म्हटले होते, "मले वाटे थे नुसती पयते. थे तं सांगते बी साऱ्याईले, कोनं कुठं जायाचं!" लेक चार जणींना सांगू शकते, ही गोष्ट तिला पदकापेक्षा मोठी वाटली होती.

आता हे नुसते गावातले राहिलेले नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले, आणि १९३६ साली त्या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीत आपली हुतुतू खेळून दाखवली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. स्त्रियांची कबड्डी तिथे यायला मात्र २०१० साल उजाडले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. अंतिम सामन्यात स्त्रियांनी नेपाळला ७८-४० असे हरवले, पुरुषांनी नेपाळलाच ५४-३६ असे. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. पोरींना हे नाव सांगा. एखादी तेरा वर्षांची पोर ते नाव वर्षभर उशाशी घेऊन झोपते.

सतरा ते एकोणीसच्या पोरांना शाबासकीपेक्षा विश्वास लागतो. कोणती चढाई केव्हा, कोपऱ्यात कोण, हे त्यांनाच ठरवू द्या. सगळे गुरुजीच ठरवू लागले तर पोर मनात म्हणते, मग तुम्हीच खेळा. चूक ठरवली तर हारतील. हारू द्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारा की कशाने हारलो. लहान गटाला शिकवायचे काम त्यांच्याकडे द्या. पंच व्हायला शिकवा, गुणपत्रक भरायला शिकवा.

या वयाला खरे मात्र सांगावे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीला ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना जादा गुण मिळतात. २०१४ पासून दूरचित्रवाणीवर कबड्डीचे मोठे सामने चालतात आणि त्यात खेळाडूंना लाखांनी पैसे मिळतात. हे सगळे खरे. पण त्या जागा थोड्या आणि पोरे हजारो. "खेळ, नोकरी लागेल," असे सांगून पोराला मैदानावर आणले, आणि विसाव्या वर्षी नोकरी लागली नाही, तर ते आपल्याला आणि खेळाला दोघांनाही शिव्या देते. त्याला शिक्षणही चालू ठेवायला लावा. खेळाचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपायला सांगा. खोटा दाखला विकत देणारा कोणी भेटला तर त्याला दारात उभे करू नका.

एका जातीच्या पोरांबद्दल अजून बोललो नाही, ते म्हणजे राखीव. कबड्डीचा संघ बाराचा, मैदानात सात. पाच पोरे कडेला बसतात. तीच पाण्याच्या बाटल्या धरतात, तीच चपला सांभाळतात. वर्षभर सराव करून ज्याला एकही चढाई मिळाली नाही तो पुढच्या वर्षी कशाला येईल? मोठा सामना असला तर सात जण उत्तमच उतरवावेत, हे पोरांनाही पटते. पण गावातले सरावाचे सामने, शेजारच्या गावाशी मैत्रीचे सामने, यांत दुसऱ्या डावाची दहा मिनिटे राखीवांची, असा नियमच करून टाकावा. तो सामन्याच्या आधी सर्वांना सांगावा, म्हणजे ऐन वेळी गुण कमी पडू लागले तरी मोडता येत नाही. कोण किती मिनिटे खेळला याची वही ठेवावी. वही मोठ्या माणसाने ठेवू नये, कारण तो सोयीप्रमाणे विसरतो. ती राखीवांपैकीच एका चुणचुणीत पोराकडे द्यावी. एका शाळेत आम्ही पाहिले, नववीतली एक पोर ती वही घेऊन गुरुजींच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आज याचे चार मिनिट बाकी हायेत." सामना रंगात आला होता, संघ दोन गुणांनी मागे होता. गुरुजींनी एकवार वहीकडे पाहिले, एकवार मैदानाकडे, आणि बदलीसाठी पंचांना हात केला.